डावीकडच्या तारखा

‘लोणेवाडी हायस्कूलच्या कोळेकर बाईंनी वयात न बसणारी मुलगी संघात घातलेली आहे. जर्सी नंबर सात. तिला बाद ठरवण्यात येत आहे. प्रेक्षकांनी याची नोंद घ्यावी.’

लाउडस्पीकरवरून हे आलं तेव्हा मी त्या सात नंबरच्याच, म्हणजे मोहिनी वाघमोडेच्या घोट्याला पट्टी बांधत बसले होते. चौदा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा खो-खो स्पर्धा, उपांत्य सामना तोंडावर आलेला. साखर कारखान्याच्या शाळेचं मैदान, कडेनं दोरी, दोरीमागं कॉलनीतली माणसं आणि वाऱ्याबरोबर येणारा मळीचा आंबूस वास. पट्टीचं टोक माझ्या हातात तसंच राहिलं. मोहिनीनं आधी स्वतःच्या छातीवरचा आकडा बघितला, मग माझं तोंड.

‘बाई, मी काय केलं?’

‘काही नाही केलंस. बस इथं. जर्सी काढ म्हणून कुणी सांगितलं तरी काढू नकोस,’ म्हटलं आणि उठले.

माइक बापूराव जगदाळ्यांच्या हातात होता. हे जिल्हा संघटनेचे सचिव. कारखान्याच्या संघाचेही सर्वेसर्वा तेच, आणि उपांत्य सामना आमचा त्याच संघाशी होता. गळ्यात कायम शिट्टी असायची, पण ती वाजवताना मी त्यांना कधी बघितलं नाही. आदल्या वर्षी आम्ही त्यांच्या मुलींना त्यांच्याच मैदानावर हरवलं, तर बक्षीस देताना चषक यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, घ्या. तेव्हापासून आमचं नमस्कारापुरतंही उरलं नव्हतं.

मी स्टेजच्या पायरीपाशी पोचायच्या आधीच आमची कॅप्टन तिथं उभी होती. ऋतुजा सरगर. काटकुळी, लांब हातांची, धावायला लागली की समोरच्या संघाच्या मुली रडकुंडीला यायच्या. आईबाप लांब, मामाकडं राहायची. मामी रोज ऐकवायची, दहावी झाली की बास. त्या दिवशी क्रीडा वसतिगृहाचे दोन प्रशिक्षक मुली निवडायला आले होते आणि मांडवातल्या पुढच्या खुर्च्यांवर बसले होते, हे ऋतुजाला माझ्याआधी कळलं होतं. तिथं जागा मिळाली की राहण्याखाण्याचा, शिक्षणाचा सगळा प्रश्न सुटत होता.

‘मोहिनी लहान आहे ओ सर,’ ती जगदाळ्यांना सांगत होती. ‘माझ्यापेक्षा लहान आहे. वर्गात सगळ्यात लहान आहे ती.’

‘तुझ्या बाईंना पाठव,’ ते तिच्याकडं न बघता म्हणाले.

‘आलेय मी,’ मी म्हटलं. ‘जगदाळे, कशावरून काढताय माझ्या मुलीला?’

‘सर म्हणा. मैदानावर आहात.’

‘कशावरून काढताय?’

त्यांनी पिन मारलेले कागद माझ्या नाकासमोर धरले. सगळ्या संघांची यादी होती. नाव, शाळा, जन्मतारीख, वय. पानभर पांढऱ्या ओळी आणि मधेच एक आख्खी ओळ लालभडक. मोहिनी वाघमोडे. जन्मतारीख चार, तिरपी रेघ, अकरा. वयाच्या रकान्यात चौदा वर्षं पूर्ण.

त्या वर्षीपासून संघटनेनं कारभार ऑनलाइन केला होता. शाळांनी वेबसाइटवर मुलींची माहिती भरायची आणि संघटना ती यादी एक्सेलमध्ये उतरवून घेणार. वयाची अटही बदलली होती. पूर्वी जानेवारीत चौदा पूर्ण नसली की मुलगी चालायची. यंदा कुठली तारीख धरणार हे परिपत्रकात दिलंच नव्हतं. खऱ्या तारखा भरा, पात्र कोण ते संगणक ठरवील, एवढंच. त्या दिवशी सकाळी मैदानावर कळलं, की एक सप्टेंबर. एक सप्टेंबरला जिची चौदा पूर्ण, ती बाहेर.

‘अहो, चार अकरा म्हणजे चार नोव्हेंबर,’ मी म्हटलं. ‘नोव्हेंबर अजून यायचाय. पोरगी दिवाळीच्या तोंडावर जन्मलीय. तिला चौदा पूर्ण कुठनं होतील?’

‘वय संगणकानं काढलंय. मी नाही.’

‘मग तुम्ही काढा. बोटं मोजा.’

मांडवातून कुणीतरी हसलं. जगदाळ्यांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी माइक तोंडाशी नेला, तो चालूच होता.

‘बाई, तुमच्या भागात वयं चोरायची पद्धत आहे हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. माणूस खोटं बोलतो, संगणक बोलत नाही.’

मैदानभर घुमलं ते. माझ्या बाराही मुली ऐकत होत्या. मी पिशवीतून मोहिनीचा जन्मदाखला काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. ‘दाखले कसेही काढून आणता येतात,’ म्हणाले.

‘ठीक आहे,’ मी म्हटलं. ‘तुमचा संगणक कुठं आहे? मला बघायचाय.’

‘सामन्याची वेळ झालीय.’

‘सामना होणार नाही. माझा संघ उतरणार नाही. मी आता त्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांकडं जाते आणि त्यांना चार अकरा म्हणजे काय ते विचारते.’

त्यांनी पुढच्या खुर्च्यांकडं बघितलं. मग माइक बंद केला आणि माझ्याकडं पाठ करून शाळेच्या इमारतीकडं चालायला लागले. मी मागं गेले. ऋतुजा माझ्यामागं यायला निघाली, तिला मी हातानंच परत पाठवलं.

वरच्या मजल्यावर, संगणकाच्या खोलीत समीर मुलाणी बसला होता. जिल्ह्याच्या गावी कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा, तिशीचा असेल. संघटनेची वेबसाइट त्यानंच केलेली. पुढ्यात दोन यंत्रं होती. एक शाळेचा जुना संगणक आणि एक चकचकीत लॅपटॉप.

‘हा माझा आहे,’ जगदाळे मला म्हणाले. ‘भाच्यानं अमेरिकेहून आणलाय. यात चुका होत नसतात. मुलाणी, बाईंना दाखव आणि मोकळं कर.’

मुलाणीनं आधी शाळेच्या संगणकावर वेबसाइट उघडली. आमच्या शाळेचं पान आलं. मोहिनीच्या नावासमोर चार अकरा.

‘मॅडम, तुम्ही काय भरलं होतं?’

‘चार नोव्हेंबर.’

‘इथं तसंच आहे. बरोबर आहे.’ मग तो लॅपटॉपकडं वळला. डाउनलोड केलेली यादी त्यात उघडीच होती. तिथंही चार अकरा. पण ओळ लाल. त्यानं क्षणभर हनुवटी खाजवली, मग जन्मतारखेचा आख्खा रकाना निवडला आणि कुठंतरी दोन-तीनदा दाबलं. आकडे गेले आणि तारखा अक्षरात आल्या. मोहिनीच्या नावासमोर उमटलं, अकरा एप्रिल.

‘अरे!’ तो म्हणाला.

‘काय अरे?’ जगदाळे.

‘सर, हा लॅपटॉप अमेरिकेतला. तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस. आपण चार अकरा लिहिलं, यानं चौथ्या महिन्याची अकरा तारीख वाचली. आकडे तेच दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात नाही आलं. वय मात्र एप्रिलपासून धरलं.’

‘ऐकलंत?’ मी म्हटलं. ‘आता बाहेर जायचं, तोच माइक घ्यायचा आणि जे मघाशी बोललात ते परत घ्यायचं.’

 जगदाळे पडद्याकडं बघत होते. मीही बघितलं आणि मला काहीतरी खटकलं. सगळ्या तारखा अक्षरात आल्याच नव्हत्या. ज्या आल्या त्या रकान्याच्या उजव्या कडेला होत्या. उरलेल्या तशाच आकड्यात, डाव्या कडेला चिकटून. खो-खोच्या पाटीवर मुली एकीआड एक तोंडं फिरवून बसतात, तसा तो रकाना दिसत होता.

‘ह्या का नाही बदलल्या?’ मी विचारलं.

मुलाणीनं एकावर टिचकी मारली, मग दुसरीवर. त्याचा आवाज खाली आला.

‘यांची तारीख बाराच्या पुढची आहे, मॅडम. महिने बाराच. वीस किंवा पंचवीस आकडा महिन्याच्या जागी दिसला की याला कळतच नाही. मग हा त्याला तारीख धरत नाही. नुसती अक्षरं म्हणून डावीकडं ठेवून देतो.’

‘मग त्यांचं वय कसं काढलं?’

‘नाही काढलं.’

‘म्हणजे?’

‘वयाचा रकाना कोरा आहे बघा. खरं तर तिथं एरर यायला हवा होता. पण सरांनी सांगितलं होतं, प्रिंटवर असलं काही घाण दिसता कामा नये. म्हणून एरर आला की रकाना कोरा ठेवायचा, असं मीच घातलं होतं.’

‘म्हणजे ह्या मुली तपासल्याच नाहीत.’

‘नाही.’ त्यानं कोऱ्या रकान्यावरनं बोट फिरवलं. ‘या कितीही मोठ्या असत्या, तरी लाल झाल्या नसत्या.’

मी पुढं वाकून आमच्या शाळेच्या ओळी वाचल्या. तिसरी ओळ ऋतुजा सरगर. डावीकडं चिकटलेली. तेवीस सहा. तेवीस जूनलाच तिची चौदा पूर्ण झाली होती. फॉर्म मीच भरला होता, तारीख मीच घातली होती, दाखल्यावर होती तशी. पण तेव्हा एक सप्टेंबर कुणाला माहीत होतं? आणि सकाळी ते कळल्यावर बारा मुलींच्या तारखा डोक्यात घेऊन कोण फिरतं? यादीत आमची एकच ओळ लाल होती. बाकीच्या मी ठीक धरल्या होत्या.

जगदाळे माझ्या खांद्यावरून बघत होते. हा माणूस संगणकाच्या बाबतीत अडाणी असेल, पण समोरच्या माणसाचं काय दुखतंय हे त्याला लगेच कळायचं.

‘तुमची कॅप्टन ना ही?’ ते म्हणाले.

मी सरळ उभी राहिले.

‘मुलाणी, जरा बाहेर उभा राहा.’

मुलाणी उठून दारापर्यंत गेला, पण दाराबाहेर गेला नाही. चौकटीला टेकून राहिला. जगदाळ्यांनी त्याची खुर्ची माझ्याकडं सरकवली.

‘बसा बाई.’

‘मी उभीच बरी आहे.’

‘बरं, उभ्या राहा. माझ्याही संघात तीन आहेत अशा डावीकडच्या. त्यातल्या किती जास्त वयाच्या निघतील, मला ठाऊक नाही. तुमची एक तर नक्की निघते. आपण काय करू, ती वाघमोडेची तारीख तेवढी हातानं सुधारू. लाल जाईल. मी बाहेर सांगतो, छपाईची चूक होती. तुमची मुलगी खेळेल, तुमची कॅप्टन खेळेल, माझ्याही खेळतील. उरलेलं आहे तसं राहू दे. कुणाला काही कळत नाही.’

‘आणि मघाशी माइकवर जे बोललात?’

‘ते सोडून द्या. खेळात बोलाचाली होतात.’

‘दुसऱ्या शाळांच्या मुली आहेत यादीत. मोहिनीसारख्या खरंच लहान असून आणखी कुणी लाल झाली असेल.’

‘त्यांच्या बाईंनी येऊन भांडावं.’ ते हसले. ‘तुम्ही स्वतःपुरतं बघा. त्या सरगरच्या पोरीचं मला माहीत आहे. मामाकडं असते. आज ती उतरली तर वसतिगृहात जातेय, मी पैज लावतो. पाहुण्यांनी सकाळीच तिचं नाव विचारलंय. तिला घालवायचंय का तुम्हाला?’

खरं सांगायचं तर त्या घडीला मी ‘हो’ म्हणायच्या बेतात होते. ऋतुजा धावताना डोळ्यांसमोर येत होती. सातवीत आली तेव्हापासून रोज पहाटे मी तिला मैदानावर घेतलेलं. तेवढ्यात जगदाळे आणखी एक वाक्य बोलले. ते बोलले नसते तर काय झालं असतं, मी सांगू शकत नाही.

‘आणि कसं आहे बाई,’ ते म्हणाले, ‘आता तुम्हाला माझ्यापुढं फार ताठ राहता यायचं नाही. तुमचं माझ्याकडं राहील, माझं तुमच्याकडं.’

म्हणजे मघाशी त्यांनी मला वयचोर म्हटलं ते खोटं होतं, आणि आता ते माझ्याकडून ते खरं करून घेत होते. पुढची सगळी वर्षं प्रत्येक स्पर्धेत या माणसाची नजर माझ्यावर असणार होती आणि त्या नजरेत हे असणार होतं.  फार उदात्त काही माझ्या मनात नव्हतं, मला त्या माणसाचा राग आला होता.

‘मुलाणी,’ मी म्हटलं, ‘ही यादी सगळी दुरुस्त होईल का?’

तो दारातून म्हणाला, ‘होईल. वेबसाइटवरनंच महिना अक्षरात पाठवायचा. मग कुठल्याही मशीनवर उघडा, चूक होणार नाही. फार वेळ नाही लागणार.’

‘कर.’

‘मुलाणी, थांब,’ जगदाळे म्हणाले. ‘तुला काम कुणी दिलंय?’

मुलाणी एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत उभा राहिला. मग आला, खुर्ची ओढून बसला आणि शाळेच्या संगणकावर टाइप करायला लागला.  बाहेर मुलींचा गलका चालला होता, उशीर झाला म्हणून प्रेक्षक टाळ्या पिटत होते. शेवटी त्याचा हात माउसवर थांबला.

‘डाउनलोड करू का, मॅडम?’

‘कर.’

नवी यादी उघडली. सगळ्या तारखा एका कडेला, सरळ. मोहिनीची ओळ पांढरी झाली. आणि पानावर इथं-तिथं लाल ओळी उमटल्या, एकामागून एक. कारखान्याच्या तीनपैकी दोन. शेजारच्या तालुक्याच्या एका संघाच्या चार. आमची तिसरी ओळ.

जगदाळ्यांनी प्रिंट निघेपर्यंत वाट बघितली. कागद गरम असतानाच ओढला आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगानं दाराबाहेर पडले. मी पायात चपला चढवेपर्यंत ते व्हरांड्याच्या टोकाला होते. मी धावले. जिन्यावर शाळेची मुलं बसली होती, त्यांच्यातून वाट काढत खाली आले. मला मैदानावर त्यांच्याआधी पोचायचं होतं आणि ऋतुजाला बाजूला घ्यायचं होतं. मी वडाच्या पारापर्यंत आले असेन, तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला.

‘कोळेकर बाईंच्या विनंतीवरून सर्व खेळाडूंची फेरतपासणी करण्यात आली आहे. त्यांच्याच संघाची कर्णधार ऋतुजा सरगर वयाने जास्त असल्याचे आढळले आहे. बाईंचे आभार.’

मग बाकीची नावं. ती कुणी ऐकली असतील असं मला वाटत नाही.

ऋतुजा मैदानात होती. दोन्ही खांबांमध्ये सराव चालला होता. नाव ऐकलं तशी ती थांबली, तिनं मला येताना बघितलं, आणि मागं सरकत जाऊन खांबाला पाठ लावली. मी जवळ गेले.

‘ऋतुजा, ऐक. तारीख अशी वाचली गेली होती, की...’

‘तुमच्या विनंतीवरून?’

‘तसं नाही ते.’

‘तुम्ही सांगितलं की नाही यादी तपासा म्हणून?’

‘सांगितलं. पण मोहिनीला...’

‘मोहिनीला!’ ती ओरडली, आणि गर्रकन वळून दोन्ही हातांनी खांब कवळून खाली बसली. ‘मी नाही जात. काढा मला. काढून दाखवा!’

प्रेक्षकांना आधी गंमत वाटली. कुणी शिट्टी मारली. पंच आले, त्यांनी समजावलं. कारखान्याच्या शाळेतल्या दोन बाई आल्या, त्यांनी खांद्याला धरलं, तर तिनं लाथ मारली. मोहिनी धावत येऊन तिच्याशेजारी बसली आणि रडायला लागली, ‘ऋतुजा नसली तर मी पण नाही खेळत.’ ऋतुजानं तिलाही कोपरानं ढकललं.

‘तुला खेळायचंय ना? जा खेळ! तुझ्यापायीच झालंय हे!’

जगदाळे दोरीजवळ हाताची घडी घालून उभे होते. ‘तुमच्याच मुलीला आवरत नाही का, बाई?’ एवढं मोठ्यानं, की मांडवात ऐकू जावं. वसतिगृहाच्या दोन प्रशिक्षकांपैकी एकानं घड्याळ बघितलं.

शेवटी मीच गुडघ्यावर बसले आणि तिची बोटं सोडवायला लागले. एक सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. तिचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते आणि तिनं ते एकदाही मिटले नाहीत. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी हात नाही काढला. दोन पंच आणि एक बाई मागून धरायला होत्या, तेव्हा कुठं ती सुटली. उचलून दोरीबाहेर नेली तिला, जर्सीला माती, गुडघा फुटलेला. तिथं तिनं जर्सी काढून माझ्या अंगावर फेकली आणि आतल्या बनियनवर चालत फाटकाबाहेर गेली. स्पर्धेला आलेल्या बोरखडीच्या शाळेच्या बाईंनी तिला त्यांच्या जीपमधून घरी सोडलं, असं संध्याकाळी कळलं.

सामना आम्ही हरलो. एका गड्यानं. मोहिनी चांगली खेळली. रडत खेळली, पण चांगली खेळली, आणि वसतिगृहाच्या लोकांनी तिचं नाव लिहून घेतलं. दोन मुली कमी झालेला कारखान्याचा संघ अंतिम सामन्यात पार धुतला गेला. जगदाळ्यांनी मला त्याबद्दल कधी माफ केलं नाही. पुढच्या वर्षी आमची शाळा त्यांनी अशा गटात टाकली, की पहिल्याच फेरीत बाहेर. मुलाणीकडची वेबसाइट काढून दुसऱ्याला दिली. तो मला एकदा बाजारात भेटला तर म्हणाला, ‘बरं झालं मॅडम. क्लास आता बरे चालतात.’ खरं म्हणाला की माझ्यासाठी म्हणाला, माहीत नाही.

ऋतुजा आणखी दोन वर्षं आमच्याच शाळेत होती. मी तिला सतरा वर्षांखालच्या संघासाठी बोलावलं. चिठ्ठी पाठवली, मग वर्गात गेले, मग मामाच्या घरी गेले. मामीनं चहा दिला. ऋतुजा आतल्या खोलीतून आलीच नाही. प्रार्थनेला रांगेत उभी असायची, मी समोरून गेले की ती माझ्या आरपार मागच्या भिंतीकडं बघायची. दोन वर्षांत तिच्या तोंडून ‘बाई’ हा शब्द मी ऐकला नाही. दहावी झाली आणि ती गावातून गेली. मी धरून चालले होते, की तिची जागा गेली म्हणून हा राग. रास्तच होता, आणि त्यावर माझ्याजवळ काही इलाज नव्हता.

निवृत्त झाल्यावर, गेल्या साली, तालुक्याच्या बाजारात माझा मोबाइल गेला. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागं एक महिला पोलीस मान खाली घालून लिहीत होती. लांब हात. छातीवरच्या पट्टीवर नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. तिनं वर बघितलं, ‘बसा’ म्हणाली आणि माझ्यानंतर आलेल्या चार माणसांची कामं आधी केली. एकाची सायकल, एकाचं भावकीचं भांडण, मग आणखी कुणाचं काय. सगळे गेल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

‘काय हरवलं?’

‘मोबाइल. ऋतुजा, ओळखलंस का मला?’

‘ओळखलं म्हणूनच बसवून ठेवलं.’

‘बरी आहेस?’

‘दिसतेय ना.’

 ‘भरतीतली धावायची परीक्षा सहज झाली असेल तुझी,’ म्हटलं.

‘तिथं वय बरोबर होतं माझं,’ ती म्हणाली. मग खुर्ची जरा मागं सारून माझ्याकडं नीट बघितलं. ‘एक सांगते. वसतिगृहाचं मला काही नाही. तेव्हा वाटलं, नंतर नाही वाटलं. मला भोंग्यावरनं कळलं, बाई. सगळ्या गावासमोर. तुम्हाला त्या खोलीत आधी कळलं होतं ना?’

‘मी पळत येत होते. जगदाळे माझ्या पुढं...’

‘पळत यायच्या आधी. त्या खोलीतनं कुणाला तरी पाठवून मला वर बोलवायचं. सांगायचं, ऋतुजा, असं असं झालंय. तुझं वय जास्त निघतंय. मग करायचं जे करायचं ते. मी स्वतः उतरले असते. मानानं जर्सी काढून दिली असती तुमच्या हातात.’

माझ्याकडं उत्तर होतं आणि ते गिळून टाकावं असंही वाटलं. म्हातारी बाई, समोर पोलीस. पण मला ते जमत नाही.

‘नसतीस उतरलीस,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘उतरली नसतीस. तुला त्या खांबापासून सोडवायला चार माणसं लागली. मला चावलीस. तू कशाची मानानं जर्सी काढून देतेस!’

पलीकडच्या टेबलावरचा हवालदार लिहायचा थांबला. ऋतुजाचा जबडा आवळला, तेव्हा आवळायचा तसाच. मला वाटलं, ही आता मला हाकलून देणार, आणि मोबाइल तर गेलाच.

तिनं टेबलावरचं पेन उचललं.

‘नसते उतरले,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही विचारायचं होतं, बाई.’

 तिनं कोरा कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

‘बोला. कुठल्या कंपनीचा मोबाइल?’